सुटा भाग क्रमांक सात

चिठ्ठी १. काढलं: रॅमची एक पट्टी. झालं: काही नाही. परत लावली.

मेकॅनिक बाईनं ही चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली तेव्हा शुक्रवारचे सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि टेकूकाकांचा उजवा गुडघा नेहमीच्या जागी होता. नेहमीची जागा म्हणजे टेबलाखाली उभा असलेला कॉम्प्युटर. त्याच्या पत्र्याला गुडघा टेकवून काका गेली अकरा वर्षं वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसत आले होते. खिडकीबाहेर जमिनीसपाट लोखंडी काटा. त्यावर भंगाराचा नाहीतर दगडाचा ट्रक चढायचा, पडद्यावर वजन यायचं, प्रिंटरमधून पावती निघायची, ट्रक उतरायचा. सगळं सरळ होतं. फक्त गुडघा काढला की सरळ राहत नसे. गुडघा काढला आणि ट्रक चढला, की पडद्यावर ओळीनं पाच आठ उमटायचे आणि मशीन जे गोठायचं ते बटण दाबून बंद केल्याशिवाय हलायचं नाही. काकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्यांना ते टेकूकाकाच.

आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. साडेपाचच्या बसची दोन तिकिटं बायकोच्या पर्समध्ये होती. सामान परवाच टेम्पोनं लेकीच्या गावी गेलं होतं. भाड्याच्या खोलीची किल्ली दुपारी दोनला घरमालकाच्या हातात द्यायची होती. काकूंनी सगळं बारकाईनं ठरवलं होतं, अगदी बसमध्ये खिडकीशी कोण बसणार इथपर्यंत. गुडघ्याचं काय, हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं.

रजिस्टर, पान ४१.
वजनकाटा संगणक, संच एक. सुटे भाग: १. पडदा. २. कीबोर्ड. ३. माउस. ४. प्रिंटर. ५. वायर, काळी. ६. वायर, काळी पण जाड. ७. गुडघा, उजवा.

हे असं झालं होतं. दीड वर्षापूर्वी मुख्य कचेरीतून एक तपासनीस आला. हातात स्टिकरांची गुंडाळी, कपाळावर आठ्या. त्यानं यार्डाच्या साहेबांना विचारलं, की हे मशीन चालायला काय काय लागतं. साहेब सरळमार्गी. त्यांनी जे लागतं ते सांगितलं. तपासनीसानं मान वर न करता सगळं लिहून घेतलं आणि सातवा स्टिकर काकांच्या पॅन्टवर चिकटवला. तो पहिल्याच धुण्यात गेला. रजिस्टरातलं मात्र कुठल्या धुण्यात जाणार?

साहेब काही वाईट नव्हते. काही माणसं कुत्र्याला घाबरतात, कधी चावलेलं नसतानाही, तसे ते रजिस्टरला घाबरायचे. सकाळी आल्या आल्या त्यांनी कार्यमुक्तीचा आदेश टेबलावर ठेवला. जाडजूड पिवळसर कागद, वर कंपनीचा उठावाचा शिक्का. असा कागद मुख्य कचेरी दर निवृत्त माणसामागे एकच पाठवते. आदेश टाइप झाला होता. सही राहिली होती.

"काका, तुम्हाला मी आत्ता सोडतो," साहेब म्हणाले. "पण सातव्या भागाला कसा सोडू?"

काकांनी विचारलं, की तो माझ्याबरोबर नाही आला तर मी बसमध्ये चढू कसा. साहेबांनी हा मुद्दा मान्य केला आणि मेकॅनिक बाईला फोन लावला.

चिठ्ठी ४. काढलं: पडद्याचं कार्ड. झालं: पडदा काळा. परत लावलं.

चिठ्ठी ५. काढलं: काट्याचं कार्ड. झालं: मशीन खूश. पण काटा मुका. परत लावलं.

बाईंची एक पद्धत होती आणि वीस वर्षं त्या तिला चिकटून होत्या. एका वेळी एकच गोष्ट काढायची, मशीन चालू करून बघायचं, चिठ्ठी लिहायची, परत लावायची. ज्याच्या जाण्यानं घरात शांतता होते तोच भांडखोर, असं त्या म्हणायच्या. मशीन बिघडलं की त्या काढत जायच्या, आणि कधी ना कधी दोषी भाग हाताला लागायचाच. नवीन काही घालायचं त्यांच्या मनातही यायचं नाही. घालणं हे विक्रेत्यांचं काम, असं त्यांचं मत होतं.

पाचव्या चिठ्ठीला त्यांना निम्मं उत्तर मिळालं. भांडण दोन कार्डांचं होतं. एक काट्याचं, जुनं, पातळ. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दुसरं पडद्याचं, जाड, पोटाशी पंखा असलेलं. मदरबोर्डाचं स्वतःचं पडदा जोडायचं तोंड जळलं तेव्हा अकरा वर्षांपूर्वी बसवलेलं. एकेकटं दोघंही गुणी. एकत्र आली की पाच आठ. आणि दोघांना लांब बसवावं म्हटलं, तर कार्ड बसवायची तिसरी खाच केव्हाच तुटली होती.

"नंबराचं भांडण असेल," बाई म्हणाल्या. मदरबोर्डाला हाक मारायला प्रत्येक कार्डाला एक नंबर मिळतो, दोघांना एकच मिळाला की दोघं एकदम ओरडतात आणि मदरबोर्ड भांबावतो, हे त्यांनी काकांना समजावलं. काकांना समजलं. त्यांच्या बायकोला दोन जावा होत्या. बाईंनी एकाचा नंबर बदलला आणि काकांना गुडघा काढायला सांगितलं. बाहेर दगडाचा ट्रक चढला. केबिन थरथरली.

८८८८८.

चिठ्ठी ६ सापडत नाही. साहेबांनी तिच्यावर कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला असावा.

चिठ्ठी ७. काढला: काकांचा गुडघा. लावला: शिडीचा. झालं: ८८८८८.

शिडी म्हणजे काकांच्या जागी आलेला नवा कारकून. दुसऱ्या यार्डातून बदलून आलेला, एवढा उंच की केबिनच्या दारातून वाकूनच आत यायचा. खुर्चीवर बसला की त्याचा गुडघा टेबलाच्या वर यायचा. खुर्ची काढून त्याला जमिनीवर बसवलं, तर गुडघा कॉम्प्युटरच्या डोक्यावरून पलीकडे गेला. शेवटी तो आडवा झाला आणि कोपरानं प्रयत्न करतो म्हणाला. साहेबांनी सांगितलं की रजिस्टरात कोपर नाही.

मग साहेब स्वतः बसले. त्यांचा गुडघा बरोबर जागी टेकला, सगळ्यांच्या जिवात जीव आला, ट्रक चढला, आणि पाच आठ. एका ट्रक ड्रायव्हरनं खिडकीतून बघत विचारलं, की हे काय चाललंय. शिडीनं खरं ते सांगितलं. ड्रायव्हर उतरून आत आला, पॅन्ट वर करून बसला आणि म्हणाला, बघा, गावात सगळ्यांपेक्षा मजबूत गुडघा आहे. त्याचाही चालला नाही. तो जरा नाराज होऊनच गेला.

विटा लावून बघितल्या. रद्दीचा गठ्ठा लावून बघितला. विटा उभ्या असताना मशीन छान चालायचं, पण ट्रक चढला की जमीन हादरायची, वीट बोटभर सरकायची आणि खेळ खलास.

"विटेला ट्रक कळत नाही," काका म्हणाले.

बाईंनी विचारलं, तुम्हाला कसा कळतो. काकांनी विचार केला. ट्रकचं पुढचं चाक काट्याला लागलं की गुडघा आपोआप जरा दाबला जातो, ट्रक थांबला की जरा सैल पडतो. ते काही ठरवून करत नाहीत. दगडाला जास्त, भंगाराला कमी. रिकाम्या ट्रकला नुसतं टेकवायचं. हे सांगताना त्यांना आपलंच नवल वाटलं. अकरा वर्षं ते समजत होते, की आपण नुसते बसतोय.

साहेबांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. इतका बारकाईचा भाग बाजारात मिळणं कठीण होतं.

चिठ्ठी ११. काढलं: शिडी.
चिठ्ठी १२. काढलं: साहेब.
चिठ्ठी १३. काढलं: कॅलेंडर, पाण्याचा माठ, टेबलफॅन, दुसरी खुर्ची.

जेवायची वेळ टळून गेली. मशीनमधलं काढण्यासारखं सगळं काढून झालं होतं. बॅटरीचा सेल, पॉवर सप्लाय, वायरी, एकूण एक स्क्रू. कार्डांचे सोनेरी दात बाईंनी खोडरबरानं घासून चकचकीत केले होते. दर वेळी त्या मशीन टेबलावर आडवं करायच्या, पत्रा उघडायच्या, आत बघायच्या, काही दिसायचं नाही, मग पत्रा लावून पुन्हा खाली उभं करायच्या. आता मशीनबाहेरचं काढायची पाळी आली. काय सांगावं, एखाद्याच्या खिशातल्या फोनमुळेही होत असेल. एकेक माणूस, एकेक वस्तू केबिनबाहेर गेली. बाहेर उन्हात ट्रकांची रांग लागली. साहेब माठ कडेवर घेऊन उभे होते.

चिठ्ठी १६. काढले: काका. काढली: मी. काढला: ट्रक. झालं: मशीन उत्तम चालतं.

खिडकीच्या काचेतून सगळ्यांनी बघितलं. रिकाम्या केबिनमध्ये, रिकाम्या काट्यावर, कॉम्प्युटर एकटाच शांतपणे शून्य दाखवत होता. इतकं स्वच्छ शून्य यार्डात कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांना क्षणभर हेच उत्तर वाटलं. मग मागून ट्रकचा भोंगा वाजला.

बाईंनी पेन खिशाला लावलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच काढायला काही उरलं नव्हतं.

काकू पावणेचारला आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घडीची बुटकी खुर्ची, टेम्पोत न मावलेली. खोली दोनलाच सोडली होती. पावणेदोन तास त्या बस थांब्यावर त्याच खुर्चीवर बसून होत्या आणि येणाऱ्या जाणाऱ्यांनी त्यांना तिकीट खिडकी कुठे आहे हे चारदा विचारलं होतं. केबिनमध्ये शिरताच त्यांनी बघितलं: नवरा खुर्चीत, गुडघा मशीनला, सही न झालेला कागद टेबलावर.

"अहो, अजून इथेच?"

काकांनी बोट वर करून थांब अशी खूण केली. बाहेर ट्रक चढत होता. त्यांनी गुडघा दाबला, सैल केला, पावती फाडून शिडीच्या हातात दिली. मग म्हणाले, की सुटता येईना. साहेबांनी पान एकेचाळीस उघडून काकूंना दाखवलं. काकूंनी ते पूर्ण वाचलं, काळी पण जाड वायरीसकट.

"गुडघा तुमचा," त्या म्हणाल्या. "रात्री तेल मी चोळायचं."

साहेबांनी नम्रपणे सांगितलं, की देखभालीचा रकाना वेगळा आहे.

काकूंनी खुर्ची उघडली, जागा फक्त टेबलासमोर जमिनीलगत होती तिथे मांडली आणि बसल्या. बसचं आपण इथूनच बघू, असं त्यांनी नुसत्या बसण्यातून सांगितलं. घर उरलं नव्हतं, त्यामुळे जा म्हणायलाही कुणाला तोंड नव्हतं.

बाईंनी आणखी एकदा पत्रा काढला. या वेळी मशीन टेबलावर आडवं करायचं त्यांच्या जिवावर आलं. सकाळपासून सतरा वेळा उचललं होतं. त्यांनी ते उभंच ठेवलं आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या. मशीनचं उघडं पोट आणि काकूंचे डोळे एका रेषेत आले.

काकू बघत राहिल्या. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. वरचं जाड कार्ड पंख्याच्या वजनानं टोकाशी ओघळलं होतं, आणि खालच्या पातळ कार्डापासून केसभर अंतरावर लटकत होतं. बाहेर एक ट्रक चढला. केबिन हलली. वरचं खालच्याला टेकलं.

८८८८८.

"ही मोठी हिच्या अंगावर पडतेय," काकू म्हणाल्या.

पाण्याचा पेला तसाच हातात घेऊन बाई आत आल्या, गुडघ्यांवर बसल्या, टॉर्च मारला. मशीन आडवं केलं की कार्डं सरळ उभी राहायची, ओघळ नाहीसा व्हायचा. म्हणून दिवसभर काही दिसलं नव्हतं. आणि उभं केलं की पत्रा लावून. तो पत्रा काकांच्या गुडघ्यानं आत दबला होता, आणि गुडघा दाबला की तो खळगा आतून जाड कार्डाच्या कडेखाली जाऊन त्याला उचलून धरत होता. अकरा वर्षं काकांनी दोघींना भिडू दिलं नव्हतं, एका पायावर.

बाईंना हे सगळं कळलं आणि तरी त्यांचा हात सवयीनं स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. मोठी काढावी तर पडदा जातो, धाकटी काढावी तर काटा जातो. त्यांनी हात टेकले. "काढायचं काय पण?"

"काढताय कशाला," काकू म्हणाल्या. "मध्ये घाला की काहीतरी. आमच्या दोघी जावा एका पलंगावर झोपायच्या, मध्ये लोड."

आणि त्यांनी टेबलावरचा हाताला लागला तो कागद उचलला, दोनदा घातली घडी, तिसऱ्यांदा घातली, चौथ्यांदा घालताना दातांवर दात दाबले, कारण कागद फारच जाड होता, आणि ती चौकोनी पुडी दोन कार्डांच्या टोकांमध्ये सरकवली. जणू तिच्याच मापाची जागा होती.

साहेबांचा हात पुढे आला, पण उशीर झाला होता. तो कागद म्हणजे काकांचा कार्यमुक्तीचा आदेश होता.

बाईंनी पत्रा लावला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. कागद पंख्यापासून लांब आहे, तापेल पण जळायचा नाही, असं त्या म्हणाल्या. मग सगळे काकांच्या गुडघ्याकडे बघू लागले. कुणी सांगेना. काकांनीच तो आधी बोटभर मागे घेतला. मग वीतभर. मग पूर्ण वळवून खुर्चीच्या बाहेर काढला. पॅन्टवर जिथे पत्रा लागायचा तिथे कापड झिजून चकाकत होतं, आणि त्या जागेला गार वाटत होतं. दगडाचा ट्रक चढला. केबिन थरथरली. काकांचा गुडघा हवेत आपोआप दाबला गेला आणि सैल पडला.

पडद्यावर सत्तावीस हजार चारशे साठ.

शिडीनं पावती फाडली. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

आता साहेबांनी कागद परत मागितला, सही करायला. बाईंनी पत्रा उघडला, पुडी बोटभर ओढली, ट्रक चढला, आणि पाच आठ. परत सरकवली, मशीन पुन्हा चालू केलं, वजन हजर. साहेबांनी विचारलं, दुसरा कागद चालेल का. वहीचे कागद घालून बघितले, ते हादऱ्यानं दबायचे. पुठ्ठा शिरेना. तो जाड कागद दर माणशी एकच येतो. शिडीचा यायला अजून चोवीस वर्षं होती.

साहेब खुर्चीत बसले, रजिस्टर मांडीवर घेतलं. सही नसलेला आदेश मशीनच्या पोटात, तो काढला तर मशीन बंद, ठेवला तर काका कार्यमुक्त नाहीत. काकूंनी घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, की या यार्डातून नको असलेल्या वस्तू बाहेर कशा जातात.

"काट्यावर चढवून," साहेब म्हणाले. "वजनाची पावती फाडून." आणि मग ते थांबले.

त्यांनी पेन काढलं. पान एकेचाळीसवर हळूहळू, एकेक अक्षर बघत लिहिलं: भाग ८, कागद, घडीचा, एक, बसवला. मग वरच्या ओळीवर गेले. भाग ७, गुडघा, उजवा. त्यासमोर लिहिलं: आता लागत नाही. बाहेर काढण्यास हरकत नाही. खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रजिस्टरची भीती वाटली नाही, उलट त्यानं आपल्याला चाटल्यासारखं वाटलं.

फक्त एक अडचण राहिली. इतकी वर्षं काट्यावर जे काही चढलं, ते काकांनी गुडघा टेकवून तोललं होतं. आता काट्यावर काकाच चढणार, आणि मशीनपाशी कुणाचाच गुडघा नसणार.

बाहेर ड्रायव्हर ट्रकांतून उतरून उभे राहिले. काका पायऱ्या उतरले आणि काट्याच्या मधोमध जाऊन थांबले. एवढ्या मोठ्या लोखंडावर ते एखाद्या विसरलेल्या बोल्टासारखे दिसत होते. काकूही खुर्ची घेऊन चढल्या, तर साहेबांनी खिडकीतून सांगितलं, की तुम्ही रजिस्टरात नाही. काकू उतरल्या, पण एक पाय काठावर ठेवून उभ्या राहिल्या. शिडीनं तोही बघितला आणि हात जोडले. त्यांनी तो काढला.

काका काचेकडे बघत होते. आत शिडी टेबलाशी दुमडून बसला होता, गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर, मशीनपासून हातभर लांब. काकांना वाटलं, आता पाच आठ येणार. त्यांचा उजवा पाय थरथरायला लागला, आणि त्यांनी तो थरथरू दिला.

प्रिंटर वाजला.

शिडी पळत पावती घेऊन आला, दारात डोकं आपटून. गाडी नंबर: नाही. माल: भाग क्र. ७, माणसासकट. वजन: साठ किलो.

"साठ?" काकू म्हणाल्या. "तुम्ही बावन्न आहात."

काका म्हणाले, की काटा वीसच्या पटीत मोजतो, बावन्न त्याला साठ दिसतात. हे ते अकरा वर्षं ड्रायव्हरांना सांगत आले होते.

"म्हणजे आठ किलो त्यांचे घेऊन चाललो," काकू म्हणाल्या. "चला, कुणाच्या लक्षात यायच्या आत."

काकांनी पावती घडी करून खिशात घातली, घडीची खुर्ची काखेत मारली, आणि दोघं फाटकाकडे चालू लागले. मागे पुढचा ट्रक काट्यावर चढला. काकांचा उजवा पाय चालता चालता अर्ध्या पावलावर थबकला, जरा दाबला गेला, सैल पडला.

"काय होतं?" काकूंनी विचारलं.

"दगड," काका म्हणाले. "भरलेला."